डाव्या हाताचं भाषांतर

नागपुरात माझ्यासारखा दुभाष्या दुसरा नाही. होता एक, तो पुण्याला गेला, आणि तिथे त्याला कुणी मधे बोलूच देईना म्हणून त्यानं धंदा सोडला. तेव्हापासून विदर्भात एका कानानं इंग्रजी घेऊन त्याच दमात तोंडानं मराठी काढणारा माणूस म्हणजे मनोहर पराते, मुक्काम हुडकेश्वर. फेकतोय असं वाटत असेल तर वाटू द्या. उभा जन्म दुसऱ्यांचं बोलणं एका अक्षराची भर न घालता बोलत आलो. स्वतःचं बोलायची पाळी आता कुठे आली, तर मीठमसाला मी माझ्या हातानं घालणार. फक्त शेवटची गोष्ट सांगताना मीठसुद्धा घालणार नाही. ती तशीच्या तशी घ्या.

आधी धंदा समजून घ्या. लोकांना वाटतं, साहेब एक वाक्य बोलून थांबला की बाजूला उभा राहून ते मराठीत सांगतो तो दुभाष्या. ते वेगळं, ते सोपं. आमच्यात कुणी थांबत नाही. सभागृहाच्या मागच्या अंगाला काचेची एक खोली असते, पानठेल्याएवढी. तिला बूथ म्हणतात. आत दोन माणसं, दोन माइक, एक पाण्याचा जग आणि मे महिन्यातलं नागपूर. कानावर हेडफोन. तिकडे वक्ता बोलतोय आणि इकडे तुम्ही त्याच्या तीन-चार शब्द मागून त्याच्याबरोबरच बोलताय. लोक कानाला लावून तुमचं ऐकतात. म्हणजे ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी. हे मी लग्नानंतर बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यात काय मोठं? आमच्या माहेरच्या बाया रोजच करतेत."

वीस मिनिटांत डोक्याची भट्टी होते, म्हणून बूथमध्ये जोडी लागते. एक बोलतो, दुसरा त्याला आकडे, नावं लिहून देतो. आणि बोलता येत नाही म्हणून आमची आमची हाताची भाषा असते. एक बोट वर म्हणजे दोन मिनिटांनी तू घे. तळहात खाली दाबला म्हणजे हळू, वाहून चाललास. कोपराला चिमटा म्हणजे काय, ते कुठल्या पुस्तकात नाही. ते माझ्या जोडीदारणीचं स्वतःचं संशोधन. आणि समोर एक बटण असतं, खोकल्याचं बटण. ते दाबलं की तुमचा आवाज लोकांच्या कानात जात नाही. खोकून घ्या, शिंकून घ्या, वक्त्याला दोन शिव्या हासडायच्या असतील तर हासडून घ्या.

जोडीदारीण म्हणजे कुंदाताई मेश्राम. नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता बौद्ध परिषदांमध्ये श्रीलंकेच्या, थायलंडच्या भिक्खूंचं इंग्रजी त्यांनी मराठीत आणलं आणि नाव कमावलं. बाईंचे हात बूथमध्ये मांडीवर असे पडलेले असायचे, जशा दोन मांजरी झोपल्या आहेत. माझं उलट. माझा बाप उमरेडचा विणकर. उजव्या हातानं दोरी ओढायची, सुताचा धोटा आडवा सुटायचा आणि डावा हात फणी मारायचा. मी मागावर बसलो नाही, पण ते हात माझ्यात उतरले. बूथमध्ये इंग्रजी उजवीकडून येतं, मी ते डावीकडे मराठीत फेकतो. एकदा क्षमेवरचं प्रवचन मराठीत आणताना धोटा इतक्या जोरात फेकला की पाण्याचा अख्खा जग कुंदाताईंच्या साडीवर. प्रवचन संपेपर्यंत त्यांनी मला क्षमा केली नव्हती.

लोक विचारतात, पराते, तुमचे हात हलतात ते कुणासाठी? ऐकणाऱ्यांची तर पाठ तुमच्याकडे. कुणासाठीच नाही. ते माझं इंजिन आहे. एकदा लकडगंजात स्कूटरवरून पडलो, उजवा हात गळ्यात अडकवून बूथमध्ये बसलो, तर अर्धा तास मला क्रियापदंच सापडेनात. "शेतकऱ्यांनी संत्री..." एवढं म्हणायचं आणि गप. खावीत का विकावीत, लोकांनी आपलं आपलं ठरवायचं.

हे झाले माझे हात. पण खरं गुपित वक्त्याच्या हातात असतं. माणसाला शब्द सापडायच्या आधी तो हाताला सापडतो. नीट बघा कधी. "उघडलं" म्हणायच्या आधी मूठ उघडते. "कमी झालं" म्हणायच्या आधी तळहात खाली जातो. पापणी लवायचाच फरक, पण दुभाष्याला तेवढा उसना मिळाला की तो राजा. म्हणून आमचा बूथ अशा ठिकाणी लागतो जिथून वक्ता कमरेपासून वर दिसला पाहिजे. एका संत्र्याच्या शास्त्रज्ञाला दोन्ही हात खिशात घालून बोलायची सवय होती. मला त्यानं आंधळा केला होता. दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना सांगून त्याच्या कोटाचे खिसे हॉटेलातच शिवून घेतले. बिचारा दहा मिनिटं खिसे शोधत राहिला. मग हात मोकळे सुटले, आणि काय बोलला म्हणून सांगू! टाळ्या त्याला पडल्या. सुईदोरा माझा होता.

तर असा मी हातांवर जगत होतो. पुढे पुढे मी शब्दाची वाटच बघेनासा झालो. हात दिसला की वाक्य बाहेर. कुंदाताई म्हणायच्या, "परातेजी, त्यांना आधी बोलू तर द्या."

मग कापसाच्या एका परिषदेत पहिल्यांदा अंगावर काटा आला. एक म्हातारे शास्त्रज्ञ बोंडअळीवर बोलत होते. बोलणं अळीचं, आणि मधेच त्यांचा डावा हात डोक्याकडे गेला. नसलेली टोपी नीट केल्यासारखा. माझ्या तोंडून माइकवर गेलं, "मला आता घरी जायला पाहिजे." कुंदाताईंनी असा चिमटा काढला की कोपर आठ दिवस निळं होतं. चार वाक्यं अळीची झाली. आणि म्हातारे थांबले. कागद गोळा केले, इंग्रजीत म्हणाले, मला आता घरी जायला पाहिजे, आणि मंचावरून उतरून निघाले. घरी त्यांची बायको स्वयंपाकघरात पडलेली सापडली. वेळेत पोचले म्हणून वाचली. पुढच्या परिषदेला त्यांनी आयोजकांना एकच अट घातली. परातेंना बूथमधून मी दिसायला नको.

मी ही गोष्ट चहाच्या टपरीवर कितीदा रंगवून सांगितली असेल. दर वेळी टोपीचा रंग वेगळा. आता ज्या गोष्टीकडे येतोय, ती मी टपरीवर सांगत नाही.

सावनेरच्या पलीकडे एक खाण होती. नाव सांगत नाही, आणि शोधायला जाऊ नका. जमिनीखालची खाण, उताराच्या बोगद्यानं पायी आत जायचं. एका दिवसपाळीत खालच्या गॅलरीत, म्हणजे कोळशात खोदलेल्या बोळात, बाजूच्या जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामातलं पाणी फुटलं. माणसं पळत वर आली. हजेरीच्या वहीत जेवढी नावं, तेवढी माणसं वर मोजली गेली. खालची गॅलरी पाण्यात गेली.

आणि तिसऱ्या दिवशी पार्बता नावाची एक बाई खाणीच्या फाटकावर येऊन बसली. म्हणे, माझा नवरा खाली आहे. खाणवाले म्हणाले, देवरावचं नाव त्या दिवशी हजेरीतच नाही, गेला असेल कुठे पळून. बाई उठेना. तिच्यामागे गाव येऊन बसलं. शेवटी चौकशी लागली. चौकशी अधिकारी बाहेरच्या प्रांतातला, खाणीचा मॅनेजर त्याहून बाहेरचा, दोघांची भाषा इंग्रजी. गावकऱ्यांनी हट्ट धरला, आमच्या माणसाबद्दल काय बोलता ते आम्हाला आमच्या भाषेत ऐकू आलं पाहिजे, त्याच वेळी, मागाहून नाही. म्हणून नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या एका सभागृहात बूथ लागला आणि आम्हा दोघांना बोलावणं आलं.

सकाळी पार्बताबाईची साक्ष झाली. तिचं मराठी मी इंग्रजीत नेलं. चाळिशीची बाई, डोक्यावर पदर, आवाज कोरडा. म्हणाली, "आमच्या घरचे दुसऱ्याच्या नावावर उतरले होते साहेब. त्या भाऊले ताप होता. त्याची हजेरी बुडू नये म्हनून हे गेले. वहीत नाव त्याचं, अन् खाली आमचे हे. आता तो भाऊ जिता हाये, म्हनून तुमचा हिसोब बराबर भरून राहिला."

हे अशा खाणीत चालायचं. एकमेकांची पाळी सांभाळून घ्यायची पद्धत, मायेची. अधिकाऱ्यानं त्या ताप आलेल्या माणसाला बोलावलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मीच उतरलो होतो साहेब." त्याच्या मागे खाणीचा ठेकेदार बसला होता.

बाईनं एकच मागितलं. "पानी उपसा अन् एकदा पाहा. नाही सापडले त मी उठून जाईन, मंग तोंड नाही दाखवनार."

अधिकारी माणूस वाईट नव्हता. पण त्याच्यासमोर वही होती आणि वही बरोबर होती. संध्याकाळपर्यंत चौकशी बंद होणार, आणि बंद झाली की खालची गॅलरी कायमची सोडून देणार, हे सगळ्यांना कळत होतं. जेवणानंतर फक्त मॅनेजरची साक्ष उरली होती.

माझी पाळी होती. मॅनेजर उंच, सावळा, मवाळ बोलणारा. मी हेडफोन चढवला आणि कानात साहेबाच्या आवाजामागे काहीतरी टपकत असल्याचा आवाज. टप. जरा वेळानं टप. मी खोकल्याचं बटण दाबून कुंदाताईंना विचारलं, "लाइनीत काही येऊन राहिलं काय?"

"नाही. स्वच्छ आहे."

"पाण्यासारखं?"

त्यांनी माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, ऐकलं, आणि परत दिला. काय ऐकलं ते मी आजवर विचारलं नाही.

साक्ष सुरू झाली. साहेब सांगत होते, पाणी कुठून फुटलं, भोंगा कसा वाजला. मी त्यांच्या मागोमाग. मग ते माणसं कशी वर आली ते सांगू लागले. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हाताच्या मनगटावरून कोपराकडे चढवून दाखवत होते, पायऱ्या चढल्यासारखी. "ऑल मेन वॉक्ड अप," असं काहीसं. बोटं वर पोचली. उजवा हात हवेत मोकळा झाला.

आणि डावा हात खाली गेला. टेबलाच्या कडेला पालथा. दाबून. त्याला तिथे काही काम नव्हतं. साहेबांचं तोंड वरच्या माणसांबद्दल बोलत होतं आणि तो हात तिथेच.

मी काही ठरवलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. माझा आवाज माइकवर म्हणाला, "सगळी माणसं चढून वर आली. एक खाली राहिला. भिंतीला पाठ टेकून बसला आहे."

खट् आवाज झाला. कुंदाताईंनी खोकल्याचं बटण दाबलं होतं आणि बोट त्याच्यावर तसंच ठेवलं होतं.

"हे कोण बोललं?"

"साहेब."

"साहेब नाही बोलले परातेजी. मी ऐकून राहिली आहे. साहेब म्हणाले, कुणीही खाली नाही."

"हात बोलला."

"शपथ त्यांनी तोंडानं घेतली. हाताला कुणी साक्षीला बोलावलं?" मग त्या एकदम थांबल्या. "तुमचा हात बघा."

मी बघितलं. माझा डावा हात बूथच्या फळीवर पालथा, दाबून ठेवलेला. उचलायला गेलो, उचलेना. बाप्पा! स्वतःचा हात, आणि दुसऱ्याच्या घरच्या भिंतीसारखा. कुंदाताईंनी एक एक बोट सोडवून तो उचलला. गार होता. ओला नव्हता, पण ओल्यासारखा लागत होता.

काचेतून सभागृह दिसत होतं. गावकरी कानाला हेडफोन लावून बसलेले, एकही हलत नव्हता. आणि तिसऱ्या रांगेतून पार्बताबाई उठून उभी राहिली होती.

आता आमच्या धंद्याचा नियम ऐका. चुकलात तर त्याच श्वासात दुरुस्त करायचं. "दुभाष्याची चूक" असं म्हणायचं, आणि खरं वाक्य द्यायचं. यात दया-माया नाही. दुभाष्यानं स्वतःचं एक वाक्य घुसवलं की त्याच्या पुढच्यामागच्या कुठल्याच वाक्यावर कुणी भरवसा ठेवू नये, आणि तो ठेवला म्हणून तर गाव इथे बसलं होतं. पण दुरुस्त केलं तर त्या उभ्या राहिलेल्या बाईच्या पायाखालून मी स्वतः फळी ओढणार होतो. माझ्याकडे काय होतं? एक हात. पाच बोटं. तीसुद्धा साहेबांची.

कुंदाताईंनी बटणावरचं बोट उचललं. उचललं फक्त.

मी म्हणालो, "दुभाष्याची चूक झाली. साहेब म्हणाले, सगळी माणसं वर आली. खाली कुणी नाही."

रांगांमधून एक आवाज निघाला, एवढ्या माणसांनी एकदम श्वास सोडल्यासारखा. दोघा-तिघांनी हेडफोन काढून मांडीवर आपटले. एक म्हातारा काचेकडे वळून मला म्हणाला ते काचेतून ऐकू आलं नाही, पण त्याचाही हात दिसला. त्याचं भाषांतर इथे छापता येणार नाही.

पार्बताबाई मात्र खाली बसली नाही. ती चालू लागली. दोन रांगा ओलांडून सरळ मॅनेजरच्या टेबलापुढे. शिपाई पुढे आला, अधिकाऱ्यानं त्याला थांबवलं. बाई म्हणाली, "साहेब, तुमचा हा हात काय म्हनून राहिला?"

मी अजून माझ्याच हाताकडे बघत होतो. पाळी नसताना कुंदाताईंनी माइक ओढला आणि तिचं वाक्य इंग्रजीत नेलं. सरळ, एका सुरात. मॅनेजरच्या कानात ते पोचलं तेव्हा तो खाली बघू लागला. त्याचा डावा हात अजून तिथेच होता, टेबलाच्या कडेला पालथा. त्यानं तो मांडीवर घेतला. जरा वेळानं तो परत टेबलावर आला. पुन्हा घेतला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्यानं उजव्या हातानं त्याला मनगटाशी धरून ठेवलं, जसं वासराचं दावं धरतात. अख्खं सभागृह बघत होतं. मी नेहमी गोष्ट फुगवतो, पण हे शंभर माणसांनी बघितलेलं आहे, ते जाऊन विचारा.

अधिकाऱ्यानं हेडफोन काढून ठेवला. हळूच विचारलं, "खालच्या गॅलरीत तुम्ही स्वतः बघितलं होतं?"

मॅनेजर किती वेळ गप्प होता सांगता येत नाही. आमच्या धंद्यात गप्प बसण्याचं भाषांतर गप्प बसूनच करायचं असतं. मी केलं. कानात मागे टप. टप.

मग तो म्हणाला, आणि हे मी शब्दाला शब्द दिलं, "मला सांगण्यात आलं की कुणी नाही. मी बघायला गेलो नाही. भोंगा बंद झाल्यावर खालून कुणीतरी ठोकत असल्यासारखं वाटलं. मला वाटलं, पाणी असेल."

पाणी उपसायचा हुकूम त्या दिवशीच निघाला.

पंप बरेच दिवस चालले. उपसा होत आला तसं आम्हा दोघांना पुन्हा बोलावलं, या वेळी खाणीवरच. बूथ नाही, काच नाही. माणसाच्या मागे उभं राहून कानाशी कुजबुजायचं. सकाळची वेळ होती. बोगद्याच्या तोंडाशी मॅनेजर, अधिकारी, गाव. मॅनेजर हात मागे बांधून उभा होता. बचाव पथकाचे लोक तोंडाला श्वासाची नळी आणि पाठीवर डबे लावून आत गेले होते. आत बोलता येत नाही, त्यांचं सगळं खुणांवर चालतं. मी कुंदाताईंना म्हटलं, आपल्याच जातीचे लोक आहेत. त्या हसल्या नाहीत.

पथकाचा म्होरक्या वर आला. नळी काढली, तोंड पुसलं. मध्य प्रदेशाकडचा माणूस, हिंदीत बोलला. अधिकाऱ्यानं मला खूण केली. मी पार्बताबाईच्या मागे उभा. तो म्हणाला, "एक आदमी है साहब। नीचे वाली गैलरी में, ऊपर की तरफ। दीवार से पीठ टिकाए बैठा है।"

आणि मला ते मराठीत द्यायचं होतं. कुठलंही वेगळं वाक्य सापडलं असतं तर मी ते दिलं असतं. सापडलं नाही. "भिंतीला पाठ टेकून बसला आहे," मी तिच्या कानाशी म्हणालो. माझंच वाक्य, दुसऱ्यांदा. या वेळी दुरुस्त करायला काही नव्हतं. कुंदाताई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बाईनं मान हलवली. रडली नाही. म्हणाली, "हाव." आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

देवरावला वर आणलं, पंचनामा झाला, हजेरीच्या वहीत त्याचं नाव लाल शाईनं लिहिलं गेलं. तो ताप आलेला माणूस आला आणि बाईच्या पायाशी बसला. तिनं त्याला उठवलं. दुपार झाली. गाव जरा पांगलं तेव्हा मी हिंमत करून तिच्याजवळ गेलो. फाटकाजवळच्या बाभळीखाली ती एकटी बसली होती. कुंदाताई पाण्याची बाटली घेऊन माझ्या मागे.

सांगायचं तर हा माझ्या धंद्यातला एकच डाग मला खुपतो. चुका मी ढीगभर केल्या. पण ती दुरुस्ती नियमाप्रमाणे होती, आणि तीच खुपत होती.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी काचेच्या खोलीतून बोलणारा मीच. मी बोललो आणि मग परत घेतलं. परत घ्यायला नको होतं. माफ करा मले."

"काय परत घेतलं जी?"

"हेच. की एक खाली राहिला, भिंतीला टेकून बसला आहे. तुम्ही ऐकून उठल्या, आणि मी म्हणालो चूक झाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी ऐकलंच नाही ना भाऊ. गावातल्या लोकाईनं मंग सांगतलं, का आतून असा असा आवाज आला म्हनून. मले ते कानाले लावाचं देल्लंच नव्हतं."

हेडफोन देताना दारावर आधार कार्ड ठेवून घेतात, जाताना परत देतात. हेडफोन चोरीला जातात म्हणून सगळीकडे तीच पद्धत.

"माझ्याजवळ आमच्या घरच्याईचंच कार्ड होतं," ती म्हणाली. "ते मी कोनाच्या हातात देनार नव्हती."

"मग तुम्ही उठल्या काहून?"

"साहेबाचा हात पाहून. बोटं वर चढवले, अन् हा दुसरा हात खालीच ठेवला. मले वाटलं, हा कोन राहिला खाली?"

वारा नव्हता. बोगद्याच्या तोंडाशी पंप बंद झाले होते, आणि इतक्या दिवसांच्या घरघरीनंतरची ती शांतता कानात दाटत होती.

बाई म्हणाली, "पन भाऊ, हातानं त इतकंच सांगतलं, का कोनीतरी राहिला. भिंतीचं नाही सांगतलं. मी पूरा वेळ पाहूनच राहिली होती. साहेबालेही ठावं नव्हतं." ती थोडी पुढे झुकली. "भिंतीचं तुमाले कोनं सांगतलं?"

कुंदाताईंच्या हातातली बाटली अर्ध्यावर थांबली.

मी तोंड उघडलं. मराठी आली नाही, हिंदी आली नाही, इंग्रजी आली नाही. आणि मग माझ्या ध्यानात आलं की बाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती, आणि तो हळूहळू वर येत होता.